खासगीपणा आणि मुक्तस्रोत साधनं: कोड उघडा, कोठार बंद



विषय तसा कोरडा वाटेल, म्हणून सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करतो. माढा तालुक्यातलं परितेवाडी तुम्हाला माहीत आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. त्यांच्या कामातली सगळ्यांच्या लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे पाठ्यपुस्तकात छापलेला क्यूआर कोड. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, गणिताचा व्हिडिओ दिसतो. ही कल्पना पुढे राज्यभर आणि देशभर गेली. आज बालभारतीच्या पुस्तकावरचा कोड आपण ज्या ॲपने उघडतो ते म्हणजे केंद्र सरकारचं 'दीक्षा'. ते सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं.

आता दीक्षा ज्या पायावर उभं आहे, त्या सॉफ्टवेअरचं नाव सनबर्ड. एकस्टेप फाउंडेशनने ते तयार केलं आणि ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे ओपन सोर्स. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, उतरवून घेता येतो, बदलता येतो. आज मी ज्या गोष्टीची शिफारस करायला उभा आहे, नेमकी तीच गोष्ट आहे ही. मग सगळं ठीक झालं असेल ना? नाही झालं.

मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने एक अहवाल काढला. करोनाच्या काळात ४९ देशांच्या सरकारांनी मुलांना जी शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळं वापरायला सांगितली, त्यातली दीडशेहून अधिक त्यांनी तपासली. त्यात दीक्षाही होतं. मुलांचं नेमकं ठिकाण टिपण्याची क्षमता या ॲपमध्ये आहे आणि काही माहिती गूगलकडे पोहोचवणारे तयार भाग त्यात बसवलेले आहेत, असं त्यांना आढळलं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये 'वायर्ड' मासिकाने बातमी दिली, ती याहून वाईट होती. दीक्षाची माहिती ठेवलेला एक क्लाउड सर्व्हर कुलूप न लावता तसाच राहिला होता. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल, आणि जवळपास सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती होती. एक दिवस, दोन दिवस नव्हे, वर्षाहून जास्त काळ.

यात गुरुजींच्या कल्पनेचा काही दोष नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पुस्तकावरचा कोड निर्दोष आहे. सनबर्डचा कोडही उघडा होता, तो चांगलाच होता. पण कोडबरोबर कोठारही उघडं राहिलं. आजच्या व्याख्यानात मला एवढंच सांगायचं आहे की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोड उघडा हवा आणि कोठार बंद हवं. बाजारात आपल्याला बहुतेक वेळा नेमकं उलटं मिळतं. कोड बंद, आणि आपलं कोठार कुणाकुणासाठी उघडं आहे याचा पत्ता नाही.

जकार्डची कार्डं

मुक्तस्रोत म्हणजे काय, हे सोलापुरात समजावणं सोपं आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात माग होता किंवा आहे. चादरीवर फुलं, नक्षी उठते ती जकार्डमुळे. पुठ्ठ्याची कार्डं, त्यांना छिद्रं. छिद्र असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्समध्ये लिआँ शहरात १८०४ च्या सुमाराला जोसेफ मारी जकार्डने हे यंत्र बांधलं आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची ही कल्पना उचलली. म्हणजे संगणकाचं एक मूळ मागात आहे. ही गोष्ट सोलापूरकरांनी जरा कॉलर ताठ करून सांगायला हरकत नाही.

तर ती कार्डांची माळ म्हणजे प्रोग्रॅम. जाणकार विणकर कार्ड हातात घेऊन सांगू शकतो की यातून कमळ येणार की मोर. एखादं छिद्र चुकलं असेल तर तेही त्याला दिसतं, आणि तो नवं कार्ड पाडून देतो. कोड उघडा असणं म्हणजे हे. आता समजा कुणी तुम्हाला वेल्डिंग करून बंद केलेला जकार्ड दिला आणि म्हणाला, "आत बघू नका, चादर छान येते." येईलही छान. पण त्या डब्यात तुमच्या डिझाइनची एक नक्कल दर रात्री दुसऱ्याकडे पाठवणारी वायर आहे की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे कोड वाचता येतो? मलाही सगळा वाचता येत नाही, आणि वाचायला वेळही नाही. मुद्दा हा की कुणीतरी वाचू शकतो, आणि त्यासाठी त्याला कंपनीची परवानगी लागत नाही. मार्च २०२४ मधलं उदाहरण घ्या. 'एक्सझी' नावाचं फाइल आवळायचं एक छोटं मुक्तस्रोत साधन आहे, लिनक्सच्या असंख्य संगणकांत असतं. एका माणसाने दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आलं की लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. एवढ्यावरून तो खोदत गेला आणि चोरी उघडी पाडली. गंमत म्हणजे हा गृहस्थ मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता. यातून दोन गोष्टी कळतात. मुक्तस्रोतातही चोर शिरतात. पण बाहेरचा माणूस आत जाऊन बघू शकतो, म्हणून चोर सापडतो.

वस्तू कुणाच्या घरात आहे?

आता दुसरी बाजू, कोठार. कुठलंही ॲप घेतलं की मी एक प्रश्न विचारतो: माझी माहिती राहते कुठे, आणि तिथे कुलपाची किल्ली कुणाकडे आहे? उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. माहिती माझ्याच फोनमध्ये राहते, बाहेर जात नाही. हे सगळ्यात उत्तम. बाहेर जाते, पण माझ्या फोनमध्येच कुलूपबंद होऊन जाते आणि किल्ली माझ्याकडेच राहते. हेही चालेल. किंवा बाहेर जाते आणि किल्ली त्यांच्याकडे असते. इथे आपण त्यांच्या चांगुलपणावर, त्यांच्या नोकरांवर आणि त्यांच्या निष्काळजीपणावर अवलंबून राहतो. दीक्षा तिसऱ्या प्रकारातलं होतं. कोड उघडा असूनही.

आरोग्य सेतूचं आठवतंय? २ एप्रिल २०२० ला आलं, आणि खूप ओरड झाल्यावर २६ मे रोजी सरकारने त्याच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला. ते चांगलंच केलं. पण फोनमधल्या ॲपचा कोड दिसला म्हणून सर्व्हरवर काय होतं ते कळत नाही. म्हणून 'ओपन सोर्स आहे हो' असं कुणी सांगितलं की मान डोलवून थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि सरकारी यंत्रणांसाठी भरपूर सवलतीही आहेत. कायदा हवाच. पण कायदा चोरी झाल्यावर येतो, आणि माझ्या दाराची कडी मी आजच लावू शकतो.

फोनमधल्या गोष्टी

कुठून सुरुवात करायची? बहुतेक लोक व्हॉट्सॲपपासून करतात आणि तिथेच दमतात, कारण सगळं गणगोत त्यावर आहे. मी म्हणेन, कीबोर्डपासून करा. कीबोर्ड बदलायला कुणाचीही परवानगी लागत नाही, आणि तो तुमच्या फोनमधला सगळ्यात भोचक सेवक आहे. तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, पासवर्ड, सुनेशी झालेलं भांडण, डॉक्टरांना लिहिलेलं दुखणं, सगळं त्याच्या हातून जातं. मराठी टाइप करायचं म्हणून आपण जाहिरात बघून कुठलाही कीबोर्ड उतरवतो, स्टिकर मिळतात म्हणून तर हमखास. डिसेंबर २०१७ मध्ये 'एआय टाइप' नावाच्या कीबोर्डचा डेटाबेस असाच पासवर्डविना उघडा सापडला होता, ३ कोटी १० लाख लोकांच्या माहितीसकट.

मुक्तस्रोतात 'हेलीबोर्ड' आहे. तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही. ज्याला दारच नाही तो बाहेर काय नेणार? 'इंडिक कीबोर्ड' आहे, त्यात रोमन अक्षरं दाबून मराठी लिहिता येतं. तोटा सांगितला पाहिजे: बोलून टाइप करायची सोय त्यात नाही, आणि आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी आता बोलूनच लिहितात. त्यांना मी आग्रह करणार नाही. फक्त बँकेचा पासवर्ड टाकताना दुसरा कीबोर्ड निवडा, एवढं जमतं.

मग ब्राउझर. फायरफॉक्स मराठीत मिळतो. त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' ही जोडणी बसवा, फोनवरच्या फायरफॉक्समध्येही ती चालते. पानावर जाहिराती येत नाहीत हा वरवरचा फायदा. खरी गोष्ट अशी की या संकेतस्थळावरून त्या संकेतस्थळावर तुमच्या मागे फिरणारे पाठलागी तिथेच अडतात. तुम्ही एका जागी मधुमेहाच्या गोळ्या शोधल्या आणि दुसऱ्या जागी बातमी वाचताना ग्लुकोमीटरची जाहिरात आली, असं होतं ना? ते यांचं काम. क्रोममध्ये ही जोडणी आता पूर्वीसारखी चालत नाही, गूगलने नियम बदलले. जाहिरातीवर पोट असलेल्या कंपनीकडून दुसरी अपेक्षा नव्हती. अर्थात फायरफॉक्सच्या मोझिलाचं मोठं उत्पन्नही गूगलच्या शोधकरारातूनच येतं, हेही लपवत नाही. पण कोड उघडा असल्यामुळे त्यांनी उद्या काही आगळीक केली तर दुसरं कुणीतरी तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडू शकतं.

आता व्हॉट्सॲप. इथे थोडा न्याय केला पाहिजे. व्हॉट्सॲपवरचा मजकूर २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतो, आणि ते कुलूप सिग्नलच्याच लोकांनी बनवलेलं आहे. म्हणजे 'व्हॉट्सॲपवाले आपले मेसेज वाचतात' हे सरसकट म्हणणं बरोबर नाही. पण पाकिटातली चिठ्ठी वाचता येत नसली तरी पाकिटावरचा पत्ता दिसतो. कोण कुणाशी, किती वाजता, कितीदा, कुठल्या गटात. रोज रात्री अकरा वाजता वकिलाला मेसेज जातो, मग कर्करोगतज्ज्ञाला जातो, मग विमा एजंटला. मजकूर वाचायची गरज काय? जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवं धोरण आणलं, 'मान्य करा नाहीतर जा' या थाटाचं. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

सिग्नलमध्ये पाकिटावरचा पत्ताही जवळपास साठवत नाहीत. हे मी त्यांच्या जाहिरातीवरून सांगत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत न्यायालयीन आदेश देऊन एका ग्राहकाची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांना देता आल्या दोनच गोष्टी: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. कोठारात नाहीच, तर देणार काय? माझ्या मते खासगीपणाची याहून चांगली परीक्षा नाही.

पण सगळा गोतावळा सिग्नलवर येणार नाही, आणि त्यासाठी भांडत बसू नये. चार माणसं आणा. नवरा-बायको, बहीण, एखादा जिवलग मित्र. पगाराचं, आजाराचं, मुलीच्या स्थळाचं बोलणं तिथे. 'शुभ सकाळ'चं गुलाबाचं फूल व्हॉट्सॲपवर खुशाल येऊ द्या, त्यात चोरण्यासारखं काही नाही. आणि व्हॉट्सॲप ठेवणार असाल तर एक काम आज रात्री करा. सेटिंगमध्ये चॅट बॅकअपमध्ये जाऊन एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. मेसेजला कुलूप आहे, पण त्याची गूगल ड्राइव्हवर गेलेली नक्कल आपण चालू केल्याशिवाय या कुलपात नसते. त्याचा पासवर्ड मात्र विसरू नका, तो कंपनीलाही परत देता येत नाही.

नकाशासाठी 'ओस्मॲंड' किंवा 'ऑरगॅनिक मॅप्स'. जिल्ह्याचा, राज्याचा नकाशा एकदा उतरवून घेतला की नेट बंद करूनही चालतो, त्यामुळे तुम्ही कुठे गेलात याची नोंद बाहेर जात नाही. त्यामागे ओपनस्ट्रीटमॅप आहे, २००४ पासून लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. खरं सांगायचं तर आपल्या पेठांमधल्या बारीक गल्ल्या आणि दुकानं त्यात गूगलइतकी भरलेली नाहीत, आणि रहदारी कळत नाही. पण दुकान दिसलं नाही तर आपण स्वतः टाकू शकतो. साखर पेठेतला एक तरुण दहा रविवार बसला तर सगळ्या पेठेचा नकाशा होईल.

फोटोंसाठी 'एन्टे' आहे. मल्याळममध्ये एन्टे म्हणजे 'माझं'. फोटो फोनमध्येच कुलूपबंद होऊन वर जातात. थोडी जागा फुकट, पुढे पैसे पडतात. पैसे पडतात म्हणून नाक मुरडू नका. फुकट कोठाराचं भाडं कुणीतरी भरतच असतं. पासवर्डसाठी 'कीपासडीएक्स', त्यात तुमची वही तुमच्याच फोनमध्ये एका कुलूपबंद फाइलीत राहते. आणि अशी ॲप एका ठिकाणी बघायची असतील तर 'एफ-ड्रॉइड' नावाचं दुकान आहे. तिथे फक्त मुक्तस्रोत ॲप असतात आणि एखाद्या ॲपमध्ये न आवडण्यासारखं काही असेल, समजा माग काढणारा भाग, तर तसं वर लिहिलेलं असतं. मालातला दोष पाटीवर लिहिणारा दुकानदार आणखी कुठे पाहिलात?

क्रॅकची किंमत

संगणकाकडे वळतो, आणि इथे थोडं स्पष्ट बोलतो. मुक्तस्रोताबद्दल परदेशातली पुस्तकं वाचली की त्यात विकतचं विरुद्ध मोफत अशी तुलना असते. आपल्याकडे ती तुलनाच खोटी आहे. आपल्या गावात लग्नपत्रिका छापणारा, फ्लेक्स करणारा, नक्षी काढणारा, डीटीपीवाला, यातल्या कित्येकांच्या संगणकावर विकतचं सॉफ्टवेअर विकत न घेता बसवलेलं असतं. म्हणजे खरी निवड चोरीचं विरुद्ध मोफत अशी आहे. कायदा-नीती बाजूला ठेवा, मी आज फक्त खासगीपणाचं बोलतोय. क्रॅक बसवताना पहिली सूचना काय असते? 'अँटिव्हायरस बंद करा.' अनोळखी माणसाने दिलेली फाइल, पहारेकऱ्याला सुट्टी देऊन, संगणकाच्या सगळ्या किल्ल्या तिच्या हातात देऊन आपण चालवतो. आणि त्याच संगणकावर गिऱ्हाइकाचं आधार कार्ड, मुलांच्या प्रवेशाची कागदपत्रं आणि आपली नेट बँकिंग. वर्ड फुकट मिळाला म्हणून आनंद मानायचा!

याला सरळ पर्याय आहेत. लिब्रेऑफिस, फोटोसाठी गिंप, रेषांच्या चित्रासाठी इंकस्केप, पानं लावायला स्क्रायबस. मराठी फॉन्टची अडचण सांगितली जाते. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, युनिकोडचे आहेत आणि देखणेही आहेत. शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात, मोफत आहेत. आणि हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी केरळ आहे. तिथल्या सरकारी शाळांनी गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच मुलांना शिकवलं. आपल्याकडे मात्र एमएस-सीआयटीच्या वर्गापासून 'संगणक म्हणजे विंडोज' असं डोक्यात बसलं, ते अजून निघत नाही.

आत्ता एक संधीही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचा मोफत आधार थांबवला. तुमचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर तो भंगारात टाकू नका. चार जीबी रॅम असली तरी लिनक्स मिंट त्यावर चालतं. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, काही पुसलं जात नाही. आवडलं तर बसवा. घरच्या कामाला, मुलांच्या अभ्यासाला ते पुरेसं आहे. सुताच्या व्यापाऱ्यांना मात्र टॅली लागतं, काहींना डिजिटल सहीचा डोंगल लागतो, तिथे लिनक्स त्रास देऊ शकतं. अशांनी दुकानाचा संगणक विंडोजवरच ठेवावा, पण रीतसर परवान्याचा, आणि त्यावर क्रॅक नको.

माझं बोलणं इथे थांबवतो. काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

'आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?'

हा दर वेळी येतो. मराठीत आपण प्रायव्हसीला 'गोपनीयता' म्हणतो, तिथून घोळ सुरू होतो. गोपनीय म्हणजे लपवायचं. मी 'खासगीपणा' म्हणतो. तुमच्या घरात काही चोरीचं नाही, तरी न्हाणीघराला कडी असते. आणि आणखी एक. तुमच्या फोनमधली संपर्कयादी तुमची एकट्याची नसते. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपनी ती यादी उचलून कर्जदाराच्या मामाला, साहेबाला, मैत्रिणींना फोन करून बेअब्रू केली. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला नियम काढून कर्जाच्या ॲपना संपर्कयादीत हात घालायला मनाई करावी लागली. ज्यांना फोन गेले त्यांच्याकडे तरी कुठे लपवण्यासारखं काही होतं?

'परदेशी ॲप सोडून स्वदेशी वापरलं तर?'

स्वदेशी माझ्याही आवडीचं आहे, आपण चादरीच्या गावात बसलो आहोत. पण स्वदेशी आणि मुक्तस्रोत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात चेन्नईच्या झोहोचं 'अरट्टई' एकदम गाजलं. त्या वेळी त्यातल्या लेखी संदेशांना टोकापासून टोकापर्यंतचं कुलूप नव्हतं. कंपनी भारतीय आहे म्हणून किल्ली आपल्याकडे येत नाही. तेच दोन प्रश्न तिलाही विचारा.

'सर, हे सगळं खरं हो, पण झेरॉक्सवाला आधार व्हॉट्सॲपवरच पाठवा म्हणतो. मग?'

हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. इथे कुठलंही मुक्तस्रोत ॲप कामाला येणार नाही. तुमचं आधार, पॅन, पासबुक त्या दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेबमध्ये दिवसभर उघडं पडलेलं असतं आणि मागचा गिऱ्हाईक ते बघत असतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने 'आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका' असं पत्रक काढलं, आणि दोन दिवसांत ते मागे घेण्यात आलं. म्हणजे बघा. उपाय साधे आहेत. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मास्क केलेलं आधार उतरवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि बऱ्याच कामांना ते चालतं. दुकानात पेनड्राइव्ह किंवा केबल न्या, तुमच्यासमोर प्रिंट काढून फाइल पुसायला लावा, रिसायकल बिनमधूनही. मेसेज पाठवलाच असेल तर निघताना 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबा. उतरवलेली फाइल त्याने जात नाही, ती वेगळी पुसून घ्यावी लागते.

आणि महिनाभर चालेल असा छोटा प्रिंटर दोन-चार घरांनी मिळून घेतला, तर तो लिनक्सवरही चालतो. घेण्याआधी फक्त त्या मॉडेलचं नाव टाकून एकदा तपासून घ्या, काही मॉडेल कटकट करतात.